गणपूर्ती

आम्ही आमदार निवासात पोहोचलो तेव्हा काळमेघ साहेब गॅलरीत उभे राहून दात घासत होते. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. सिन्नरहून नाशिकरोडला आणि तिथून रात्रभराच्या गाडीने आम्ही दोघी त्यांनाच भेटायला नागपूरला आलो होतो. ज्यांचं नाव आम्ही चार वर्षं शिवी दिल्यासारखं घेतलं, त्यांनी तोंडात ब्रश धरून आम्हाला हातानेच थांबायला सांगितलं आणि ते आत गेले.

"ह्येच का?" भागामावशीने विचारलं.

"हेच."

"म्हातारा हाये गं," ती म्हणाली. तिचा जरा हिरमोडच झाला. रस्ताभर ती जे बोलायचं ठरवत आली होती, ते एखाद्या दांडग्या माणसाला बोलायचं होतं.

मावशीचं पूर्ण नाव भागीरथी वारुंगसे. ती पन्नाशीला टेकलेली, मी तिशीतली. सिन्नरच्या एमआयडीसीत इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही चेकिंगला होतो. पांढऱ्या दिव्यासमोर बसून बाटली फिरवायची, चीर दिसली की बाजूला टाकायची, दिवसभर. शिफ्ट संपवून बाहेर आलं की रस्त्यावरच्या माणसांभोवतीही पांढरी कडी दिसायची. बोटं कापायची, पण हातमोजे मागितले की पुढच्या महिन्यात येतील म्हणायचे. लघवीला जायचं तर सुपरवायझरला विचारून, आणि जेवणाच्या सुट्टीआधी एकदाच. एका नव्या मुलीची पाळी आली होती, तिला जाऊ दिलं नाही. ती तशीच रडत बसून राहिली. मावशी आपल्या टेबलावरून उठली, तिचा हात धरून तिला घेऊन गेली आणि परत येऊन सुपरवायझरला म्हणाली, आता काय करायचं ते कर.

त्यातून युनियन उभी राहिली. मावशी अध्यक्ष झाली. मी बारावीपर्यंत शिकलेली, म्हणून मला खजिनदार केलं. युनियनच्या नोंदणीचा अर्ज दिला त्याच आठवड्यात कंपनीने आम्हा अकरा जणींना काढून टाकलं. कारण लिहिलं होतं, शिस्तभंग.

आमचे दिघोळे वकील म्हणाले, उघड केस आहे, वर्षाच्या आत परत कामावर जाल. अशा तक्रारी ऐकायला राज्याचं एक कामगार तक्रार मंडळ होतं. पण मंडळावर तीन सदस्य लागत आणि त्यातले दोन निवृत्त झालेले. उरलेल्या एकट्याला सुनावणी घेता येत नव्हती. नवे सदस्य नेमायचे तर विधिमंडळाच्या एका समितीने ती नावं मंजूर करावी लागत. सरकारने आपलीच माणसं बसवू नयेत म्हणून कायद्यात तशी तरतूद होती. समितीत नऊ आमदार होते, पाच सरकारच्या बाजूचे आणि चार विरोधी. बैठक भरायला निदान सहा जण हजर लागत. याला गणपूर्ती म्हणतात हे मला वकिलांकडून कळलं. विरोधातले चौघं बैठकीला जायचेच नाहीत. सरकारचे पाच जण यायचे, थोडा वेळ बसायचे आणि उठून जायचे. पेपरात यायचं की विरोधकांच्या अडवणुकीमुळे नेमणुका रखडल्या. त्या चौघांचे पुढारी म्हणजे काळमेघ साहेब.

चार वर्षांत आमच्यातल्या नऊ जणी गळाल्या. कंपनीचे कुलथे साहेब एकेकीला घरी निरोप पाठवायचे. मंडळाकडची तक्रार मागे घ्या, परत कामावर या. मात्र कंपनीच्या कामगार म्हणून नाही, ठेकेदाराच्या. टेबल तेच, काम तेच, पण कायम कामगाराचा कुठलाच हक्क नाही. कुणाच्या नवऱ्याचं आजारपण, कुणाच्या मुलीचं लग्न, प्रत्येकीने सही केली आणि प्रत्येकीने मावशीला घरी येऊन सांगितलं. मावशी त्यांना चहा द्यायची. कुणाला वाईट बोलली नाही.

शेवटी आम्ही दोघी उरलो. मी टोमॅटोच्या मार्केटला क्रेट भरायला जायचे, मावशी एका हॉस्टेलमध्ये पोळ्या लाटायची. माझे मिस्टर, रघुनाथ, टेम्पो चालवायचे. ते कधी आडवे आले नव्हते, पण त्या दिवाळीनंतर म्हणाले की आता पुरे कर. मीही हो म्हणाले. मला खरोखरच पुरे झालं होतं. तेवढ्यात मावशी म्हणाली की नागपूरला अधिवेशन आहे, आपण त्या आमदारालाच भेटू. तिला एकटीला जाता येत नव्हतं, तिचे गुडघे गेलेले. मी ठरवलं, हिला एकदा नागपूर दाखवून आणायचं आणि परतीच्या वाटेवर सांगून टाकायचं. जातानाही दोनदा बोलायला तोंड उघडलं होतं, पण ती खिडकीत बसून आमदाराशी काय बोलायचं ते पुटपुटत होती.

काळमेघ साहेब पांढरा सदरा घालून बाहेर आले. "काऊन उभ्या हाय? बसा न बाई," म्हणाले. आमच्यासाठी पोहे मागवले. त्यांच्याकडे बरीच गर्दी होती, कुणाला बदली हवी, कुणाला दवाखान्यासाठी चिठ्ठी. तरी त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही. मावशीला डोळ्यांचा त्रास अजून होतो का ते विचारलं. मी मनातून चिडले. हा माणूस उर्मट निघाला असता तर सोपं झालं असतं.

मावशीने जे पाठ केलं होतं त्यातलं काहीच म्हटलं नाही. तिने एवढंच विचारलं, "साहेब, आमचं तुमच्याशी काय वाकडं झालं?"

 ते म्हणाले, "काहीच नाही. तुमचा कारखाना कुठं आहे हे मला आज कळलं."

त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या जिल्ह्याच्या बँकेवर सरकारने प्रशासक बसवला होता. तो उठवेपर्यंत ज्या ज्या समितीत सरकारला त्यांची गरज आहे तिथे जायचं नाही, असं त्यांच्या पक्षाचं ठरलं होतं. मी विचारलं की बँकेचं तर गेल्या वर्षीचं आहे, तुम्ही चार वर्षं येत नाही. तेव्हा ते हसले. त्याआधी दुसरं काहीतरी होतं म्हणाले. काय होतं, ते त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पीएला विचारलं. त्यालाही आठवेना.

"मंग बँकेचं बँकेत भांडा ना," मावशी म्हणाली.

"बँकेत आमचं कोण ऐकते, बाई? जिथं त्यांचं आमच्यावाचून अडते तिथंच आम्हाला अडवता येते."

ते हे लपवून बोलत नव्हते. शेजाऱ्याशी बांधाचं भांडण सांगावं तसं सांगत होते. मावशीने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"आज दोन वाजता बैठक हाये म्हणं. तुमी नुसते येऊन बसा. बोलू नका, हात वर करू नका. बसा फक्त. तुमी बसले की सहा होतात."

पीए मध्ये बोलायला लागला. काळमेघ साहेबांनी त्याला गप्प केलं.

"येतो," ते म्हणाले.

त्यांनीच आम्हाला विधानभवनाचे पास काढून दिले. तिथून निघालो तर मावशीची चाल बदललेली. तिने फाटकाशी थांबून पदर नीट केला, केस सारखे केले, आणि मला म्हणाली की कामावर परत घेतलं की आधी हातमोज्यांचं बघायचं. चार वर्षांत प्रथमच ती परत गेल्यावरचं काही बोलत होती. मी मान हलवली. मला सांगायचं होतं ते मी पुन्हा गिळलं.

समितीच्या खोलीबाहेर लांबलचक व्हरांडा होता आणि भिंतीला लागून बाक. दारावर एक शिपाई होता. त्याने आम्हाला बसू दिलं. सरकारचे पाचही आमदार वेळेवर आले, हसत बोलत आत गेले. शिपाई म्हणाला, आता चहा पितील आणि जातील, दर वेळचं आहे. व्हरांड्याच्या टोकाला पेपरचा एक माणूस उभा होता, तोही कंटाळलेला.

मग काळमेघ साहेब आले. खरंच आले. एकटेच, हळूहळू चालत. आमच्याकडे बघून त्यांनी मान डोलावली आणि आत गेले. शिपाई चटकन उभा राहिला. "आज भरली बघा बैठक," तो म्हणाला. त्यालाही आनंद झालेला दिसला.

दार अर्धं उघडं होतं. टेबलाची एक बाजू आम्हाला दिसत होती. आतलं बोलणं एकदम थांबलं. कुणीतरी काळमेघ साहेबांना या या म्हणालं, खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मावशीने माझा हात धरला. तिचा तळवा पोळपाट-लाटण्याने घट्टे पडलेला होता.

थोड्या वेळाने पाचांतला एक जण उठून बाहेर आला. मोबाइल कानाला लावलेला. हो हो, आलोच, म्हणत तो आमच्या पुढून गेला आणि व्हरांड्याच्या टोकाला वळला. आम्हाला काही वाटलं नाही. फोन येतात माणसांना. पण तो परत येईना, आणि त्याच्यामागून दुसरा उठला. त्याच्या कानाला फोनही नव्हता. त्याने शिपायाला सांगितलं की मला सभागृहात बोलावलंय, आणि निघाला.

मावशीच्या ते माझ्या आधी लक्षात आलं. ती उठली आणि त्या गुडघ्यांनी त्याच्या मागे धावली.

"साहेब, ओ साहेब. आत चला ना. पाच मिन्टं. साहेब."

तो थांबला नाही. मागे न बघताच त्याने हात जोडले आणि चालत राहिला. मावशी व्हरांड्याच्या मध्यावर भिंतीला धरून उभी राहिली. मी तिला आणून बाकावर बसवलं. तिला धाप लागली होती. शिपायाने पाणी आणून दिलं आणि मग तो आमच्याकडे बघेनासा झाला.

आत चौघंच उरले होते. काही वेळाने समितीचे अध्यक्ष बाहेर आले. पेपरच्या माणसाला त्यांनी सांगितलं की गणपूर्तीअभावी बैठक पुन्हा होऊ शकली नाही, विरोधकांनी सहकार्य करायला हवं. त्याने ते लिहून घेतलं. काळमेघ साहेब आत गेल्याचं त्यानेही पाहिलं होतं. त्याबद्दल त्याने काही विचारलं नाही.

काळमेघ साहेब सगळ्यांत शेवटी बाहेर आले आणि आमच्या बाकावर मावशीच्या शेजारी बसले.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" मी विचारलं.

"नव्हतं असं म्हणत नाही. खात्री नव्हती."

"त्यांना बी नको हाये का मंडळ?" मावशी म्हणाली.

"मंडळ बसलं की कारखानदार त्यांना जाब विचारतील. आम्ही अडवतो तोवर त्यांना कुणी काही विचारत नाही."

"आन तुमाला?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"कारखानदार आम्हालाही भेटतात, बाई," ते म्हणाले.

तिथे मावशी त्यांना काहीही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.  त्यांनी विचारलं, गाडी कधीची आहे, मी स्टेशनवर सोडतो. मी नको म्हणणार होते. मावशी म्हणाली, सोडा, माझ्याच्यानं चालवत नाही. आणि आम्ही त्यांच्या गाडीतून स्टेशनवर गेलो. पुढे ते, मागे आम्ही. गाडी थंडगार होती. पहिल्या सिग्नललाच मावशीचा डोळा लागला, तोंड उघडं टाकून ती झोपली. काळमेघ साहेबांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितलं.

प्लॅटफॉर्मवर आम्ही ट्रंकांच्या एका ढिगाला टेकून बसलो. गाडीला अजून वेळ होता. मी आता बोलावं म्हणून घसा साफ केला, तर मावशीच बोलली.

"सोमवारी मी कुलथेकडं जाते. सही करून टाकते."



"इतकी वर्सं मला वाटायचं, एक माणूस वाटंत आडवा पडलाय," ती म्हणाली. "त्याला उठवलं की झालं. आज उठवला त्याला. आता कोणाला उठवू?"

"मावशी..."

"तू बी कर. तुझ्या मनात दिवाळीपासून हाये. मला कळत नाय का? माझ्यामुळं तू बोलली नाय. आता माझी आडकाठी नाय."

तिने पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मला दिली. मी दिवाळीपासून ज्या वाक्याची वाट बघत होते ते तिने स्वतःच म्हटलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला, तो खाल्ला आणि म्हणाले, "मी नाही करणार."

"का गं?"

ते मला आजही नीट सांगता येत नाही. डोळ्यांपुढे तो दुसरा आमदार होता, ज्याच्या कानाला फोनही नव्हता. खोटं दाखवायला निदान फोन तरी काढायचा होता. आमच्यासाठी तेवढीही तसदी घ्यायची गरज त्याला वाटली नव्हती.

 सोमवारी मावशीने सही केली आणि बाकीच्या जणी तिला सांगायच्या तसंच माझ्या घरी येऊन सांगितलं. मी चहा केला.

रघुनाथ माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. नंतर बोलायला लागले, कारण घर तर चालवायचंच होतं. मी क्रेट भरत राहिले. दिघोळे वकील म्हणाले की तक्रारीवर एक जरी नाव राहिलं तरी ती जिवंत राहते, तेवढं धरून ठेव. मधे निवडणूक झाली आणि बाजू बदलल्या. काळमेघ साहेबांचा पक्ष सरकारात आला आणि आधीचे सरकारवाले बैठकीला जाईनासे झाले. पेपरातली बातमी तीच राहिली, पक्षांची नावं तेवढी इकडची तिकडे झाली. शेवटी दुसऱ्याच एका जिल्ह्यातल्या कामगारांनी हायकोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुदत घालून दिल्यावर एका दुपारी समितीने ती नावं मंजूर केली. त्याला फार वेळ लागला नाही म्हणतात.

आमची सुनावणीही लवकर आटोपली. कंपनीच्या वकिलाने सांगितलं की अकरांपैकी दहा जणींची आता काही तक्रार नाही. मंडळाने निकाल दिला की युनियन करणं हा शिस्तभंग नव्हे, काढून टाकणं बेकायदा होतं आणि अर्जदार अलका सांगळे हिला पूर्वीच्या जागी परत घ्यावं. निकाल माझ्यापुरता होता. मी वकिलांना विचारलं, मावशीचं काय. तिने स्वतः मागे घेतली आहे, ते म्हणाले. पुन्हा विचारलं तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तेच उत्तर दिलं, पण जरा सावकाश.

मी परत कामाला गेले तेव्हा शेडमध्ये कायम कामगारांना निळा एप्रन होता आणि ठेकेदाराच्या बायकांना पिवळा. पिवळेच जास्त होते. मावशी पॅकिंगला होती, डोळ्यांमुळे तिला चेकिंग जमत नव्हतं. माझ्या अंगावरचा निळा एप्रन तिने हाताने चाचपून पाहिला. "कापड बरं हाये," म्हणाली.

निकाल लागल्यामुळे युनियनच्या नोंदणीचा रस्ता मोकळा झाला होता. पहिली मीटिंग जेवणाच्या सुट्टीत सायकल स्टँडच्या मागे ठरली. दिघोळे वकिलांनी बजावलं होतं की सुरुवातीला फक्त कायम कामगार घ्या. ठेकेदाराचं एक जरी नाव आलं तर कंपनी नोंदणीलाच आव्हान देईल, आणि मग पुन्हा मंडळ, पुन्हा तारखा. मी हे मावशीला सांगायला पॅकिंगला गेले. कसं सांगावं ते कळत नव्हतं. पण तिला कुणाकडून तरी आधीच समजलं होतं.

"वकील बरोबर म्हणतो," ती म्हणाली. "तुमी बसा."

आम्ही पत्र्याच्या सावलीत बसलो. निळ्या एप्रनवाल्या चौदा-पंधरा जणी, त्यातल्या बऱ्याच नव्या, मावशी कोण हे माहीत नसलेल्या.  मावशीसारखं उभं राहून बोलणं मला कधीच जमलं नव्हतं. मी हातमोज्यांपासून सुरुवात केली. तेवढ्यात एकीने बोट दाखवलं म्हणून मी मागे पाहिलं. सायकल स्टँडच्या कोपऱ्यावर, जिथून ऑफिसकडचा रस्ता दिसतो, तिथे मावशी आमच्याकडे पाठ करून उभी होती.

मी उठून तिच्याकडे गेले आणि म्हणाले की निदान येऊन बस तरी, नाव नाही लिहीत.

"नको," ती म्हणाली. "कुलथे इकडं यायला लागला तर मी खोकते. तू जा, टाइम थोडा हाये."

मी परत जाऊन बसले. त्या दिवशी नऊ जणींनी नावं दिली, बाकीच्यांनी घरी विचारून सांगते म्हटलं. सुट्टी संपल्याचा भोंगा होईपर्यंत आम्ही बोलत होतो, आणि मावशी एकदाही खोकली नाही.